हूटर वाजलाच नव्हता

आठ वर्षं हे मी कुणापाशीही बोलले नव्हते. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही, माझं सगळं आपल्याला ठाऊक आहे असं जी समजते त्या मैत्रिणीपाशीही नाही. दोन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा बोलले, आणि ज्यांच्यापाशी बोलायला हवं होतं त्यांच्यापाशीच बोलले. आता तुम्हाला सांगते आहे. एकदा तोंड उघडलं की अर्धवट ठेवायचं नाही — एवढं ठरवूनच बसले आहे.

मी नाशिकला राहते, इंदिरानगरात. काम सर्व्हरचं. कारखान्यात, दवाखान्यात, गोदामात कॉम्प्युटरची यंत्रणा बसवून द्यायची आणि ती चालती ठेवायची. पिंपळगाव बसवंतच्या ज्या पॅकहाउसमध्ये हे सगळं घडलं तिथे मी पहिल्यांदा गेले, तेव्हा मालकांनी माझ्या मागे पाहिलं होतं — साहेब कुठे राहिले म्हणून. हे तुम्हाला सांगायची काही गरज नव्हती. बघा, अजून सुरुवातही झाली नाही आणि मी कारणं गोळा करायला लागले. ते राहू द्या.

पॅकहाउस द्राक्षांचं. बागेतून क्रेट येतात, बायका टेबलाशी उभ्या राहून कात्रीने खराब मणी काढतात, पेट्या भरतात, आणि पेट्या थंड खोल्यांत जातात. कंटेनर लागेपर्यंत माल तिथेच. खोलीचं तापमान शून्याच्या किंचित वर राहिलं पाहिजे. ते चढलं की घडाच्या काड्या तपकिरी पडतात, मण्यांना पाणी सुटतं, आणि मग तो माल बाहेरच्या देशात जात नाही. अशा चार खोल्या होत्या. त्या चारही खोल्या आणि त्यांची यंत्रं सांभाळायचे रंगनाथमामा.

त्यांच्याबद्दल मला नीट सांगितलं पाहिजे. तेव्हा ते पंचावन्नच्या आसपास असतील. शिक्षण सातवी, आणि तीस वर्षं कॉम्प्रेसरच्या सोबतीत गेलेली. त्या मशीनरूममध्ये इतका आवाज असतो की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. त्या आवाजात मामा मान जराशी कलती करून उभे राहायचे आणि सांगायचे, तीन नंबरचा पंखा घासतोय. उघडून पाहिलं की खरंच घासत असायचा. पाइपवर तळहात ठेवून गॅस कमी झालाय का ते सांगायचे. कंपनीचे मेकॅनिक मोठमोठी मीटर घेऊन यायचे, पण हत्यारांची पेटी उघडायच्या आधी विचारायचे मामांनाच — काय ऐकू येतंय? त्यांचा अभिमान होता तो. बोलून दाखवायचे नाहीत, पण होता.

मी बसवत असलेल्या सर्व्हरमध्ये नक्की काय चालतं हे त्या सबंध आवारात विचारलं फक्त त्यांनी. मी सांगितलं, तीन-चार जुने कॉम्प्युटर काढून टाकले, आता एकाच मोठ्या मशीनच्या पोटात चार मशीन आहेत. दिसत नाहीत, पण प्रत्येक मशीन आपापलं काम करतं — एक वजनकाट्याचं, एक बिलांचं, एक कॅमेऱ्यांचं, एक खोल्यांच्या तापमानाचं. ते म्हणाले, म्हणजे एका घरात चार चुली. मला ते इतकं आवडलं की पुढे कित्येक ठिकाणी मी तेच उदाहरण दिलं. माझं म्हणून दिलं.

त्या चार मशीनना प्रत्येकी एक पत्ता असतो. आकड्यांचा असतो, पण घर नंबर असतो तसाच. खोल्यांतले सेन्सर दर मिनिटाला तापमानाचा आकडा त्या पत्त्यावर पाठवतात. आकडा चढला की मशीन आवारातला हूटर वाजवतं. एवढं लक्षात ठेवा, बाकी काही कळलं नाही तरी चालेल.

माझी यंत्रणा येण्याआधी मामा दर दोन तासांनी प्रत्येक खोलीचं दार उघडून आतला थर्मामीटर बघायचे. मीच ते बंद करायला लावलं. दार उघडलं की गरम हवा आत जाते, कशाला उघडायचं? स्क्रीन बघा. काही बिघडलं तर हूटर आहेच. ते म्हणाले, दाराशी गेल्याशिवाय चैन पडत नाही. मी हसले. तीनदा हूटर वाजवून दाखवला. मग त्यांनी ऐकलं माझं.

फेब्रुवारीतला शनिवार होता. तापमानाच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली होती, आणि ती थेट चालत्या मशीनवर टाकायची नाही एवढी अक्कल मला होती. म्हणून मी त्या मशीनची हुबेहूब नक्कल बनवली, चाचणीसाठी. नकलेत हूटर बंद केला, उगाच वाजायला नको म्हणून. आणि तिला आतल्या आत वेगळ्या नेटवर्कवर ठेवलं, म्हणजे बाहेरच्या कुणाशी तिचा संबंध येणार नाही. इथपर्यंत सगळं बरोबर. मग इंटरनेटवरून एक फाइल हवी होती, त्यासाठी मी तिला मुख्य नेटवर्कला जोडलं. दहा मिनिटांसाठी. फाइल उतरायला वेळ लागत होता, मला नाशिकला निघायचं होतं — मी निघाले. ती जोडलेलीच राहिली.

पत्ता बदललाच नव्हता. हुबेहूब नक्कल होती ना. एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरं, आणि सेन्सरचं सगळं टपाल नकलेच्या घरी पडू लागलं. तिला सगळं कळत होतं आणि तिचं तोंड मी बंद केलेलं होतं. खऱ्या मशीनला काहीच येत नव्हतं, म्हणून ते शेवटचा आलेला आकडा दाखवत बसलं. शून्य पूर्णांक सहा. रविवारभर, शून्य पूर्णांक सहा.

आणि त्याच रविवारी सकाळी तीन नंबरच्या खोलीला थंड करणारा गॅस ज्यातून सुटतो तो व्हॉल्व्ह बंदच अडकून बसला. पंखे फिरतच होते, बाकीच्या तीन खोल्यांसाठी कॉम्प्रेसरही चालूच होता. आवाजात तसूभर फरक नाही. मामांच्या कानांना पकडण्यासारखं तिथे काही नव्हतंच. ते दिवसभर ड्यूटीवर होते; स्क्रीन ऑफिसात आणि रविवारी ऑफिसला कुलूप, म्हणून हूटरच्या खाली खुर्ची टाकून बसले होते.

सोमवारी सकाळी कंटेनर लागला, हमालांनी तीन नंबरचं दार उघडलं आणि आतून ऊब आली.

मालकांचा फोन आल्यावर मी तासाभरात पोचले. सर्व्हरपुढे बसले. काय झालंय हे कळायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. दोन मशीन, एक पत्ता. समोर लिहिलेलं होतं.

तुम्हाला वाटत असेल, हीच ती चूक. नाही. अशी चूक माझ्या धंद्यात कुणाचीही होते. ती सांगायला मला आठ वर्षं लागली नसती.

मी नकलेला नेटवर्कवरून तोडलं. घाईघाईने, आधी ते नीट करावं म्हणून. तोडल्याबरोबर खऱ्या मशीनला पहिला आकडा मिळाला, स्क्रीनवर एकदम बारा अंश आले, आणि बाहेर आवारात हूटर वाजला. जोरात. टेबलाशी उभ्या असलेल्या बायकांचे हात थांबले. मालकांचे धाकटे भाऊ दारात उभे होते, ते म्हणाले की हूटर तर व्यवस्थित आहे की. आणि सगळ्यांनी मामांकडे पाहिलं.

मी ते मुद्दाम केलं नव्हतं. पण त्या क्षणी प्रत्येकाच्या मनात काय आलं ते मला कळलं, बसल्या जागी कळलं. उठून दारापर्यंत जायला किती पावलं होती? पाच? सहा?

मी उठले नाही.

मग मालकांनी रविवारचा ग्राफ मागितला. खऱ्या मशीनमध्ये रविवारची सरळ, मुर्दाड रेघ होती. ती पाहून कुणीही विचारलं असतं की यंत्रणा झोपली होती का. नकलेत मात्र मिनिटामिनिटाचे खरे आकडे होते. मी ते उचलले आणि खऱ्या मशीनमध्ये भरले. प्रिंट काढली. रविवारी सकाळी रेघ चढायला लागते, दुपारी बाराच्या सुमारास लाल मर्यादा ओलांडते, तिथून पुढे वरच. त्या कागदावरचा एकही आकडा खोटा नव्हता — हे मी स्वतःला तेव्हा सांगितलं, नंतर कितीतरी वेळा सांगितलं. मालकांनी विचारलं, रविवारी सिस्टम चालू होती ना? मी होती म्हटलं. परत खोलीत येऊन नक्कल पुसून टाकली. कपातला चहाही निवला नव्हता.

मामा एकदाच म्हणाले की हूटर वाजला नाही. कुणी वाद घातला नाही. मालक वाईट माणूस नव्हते, त्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की जेवणानंतर डोळा लागतो माणसाचा, होतं असं. मामांचा डोळा लागलेला नव्हता. पण त्यांच्या हातात त्या कागदाला उत्तर देण्यासारखं काय होतं?

इथे थांबता आलं असतं. घाबरली, लपवलं — तुम्ही समजून घेतलं असतं कदाचित. मी ज्यासाठी लिहायला बसले ते अजून आलेलं नाही.

चार दिवसांनी मामा सर्व्हरच्या खोलीशी आले. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायचा नियम मीच केला होता. त्यांनी चपला काढल्या, पण आत आले नाहीत, उंबऱ्यापाशी उभे राहिले. मी एकटीच होते. ते म्हणाले, "ताई, तुमी खरं सांगाल. त्या दिवशी हूटर वाजला आसंल का?"

त्यांच्याकडे कागद होता, मालक होते, सगळे होते. तरी ते माझ्याकडे आले. का आले असतील? चार दिवस त्यांनी मनाशी सगळं घासून पाहिलं असणार — आपण जागे होतो, खुर्चीत होतो, वाजला असता तर ऐकला असता. फक्त कुणीतरी हो म्हणायला हवं होतं. आणि मी मशीनवाली बाई, मी खोटं कशाला सांगेन?

मला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. तेवढ्यानेही भागलं असतं, माझं आणि त्यांचं.

मी म्हटलं, "वाजला असणार, मामा. ग्राफमध्ये दिसतंय ना." आणि मी पुढे म्हणाले — अगदी मायेने, आवाज हळू करून म्हणाले — "तुम्ही एकदा कान दाखवून घ्या. इतकी वर्षं मशीनच्या आवाजात काढलीत तुम्ही."

हे ते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

ते म्हणाले, "तुमी म्हनता तर आसंल." चपला घातल्या आणि गेले.

एवढ्यावरही मी थांबले नाही. नाशिकच्या कानाच्या डॉक्टरांची वेळ मीच घेऊन दिली. केवढी मला त्यांची काळजी! सगळे मला चांगलं म्हणाले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बारीक, उंच आवाज किंचित कमी ऐकू येतात, मशीनवर काम केलेल्या माणसाचं असतं तेवढं, काळजीचं काही नाही. मामांनी त्यातलं 'कमी' तेवढं उचललं. महिन्याभरात त्यांनी मशीनरूमच्या चाव्या मालकांच्या टेबलावर ठेवल्या. मालकांनी थांबा म्हटलं. ते म्हणाले की ज्याला ऐकू येत नाही त्याने तिथे बसू नये, उद्या कुणाच्या जिवावर बेतेल.

मी त्या पॅकहाउसचं काम पुढे आठ वर्षं केलं. सर्व्हर बदलले, मशीन वाढवली, नेटवर्क नव्याने ओढलं. एका पत्त्याची दोन मशीन पुन्हा कधी होऊ दिली नाहीत. मामांच्या रिकाम्या खुर्चीशेजारून प्रत्येक खेपेला गेले. सवय होते का? होते. मला झाली होती, तेही कबूल करायला हवं.

मग या वर्षी पिंपळगावातच एका लग्नात मामी भेटल्या, रंगनाथमामांच्या पत्नी. गर्दीतून वाट काढत आल्या आणि माझे दोन्ही हात धरले. मला वाटलं, कळलं यांना. तर त्या माझे आभार मानत होत्या. डॉक्टरांचं मी वेळेवर सुचवलं म्हणून. मग त्या सांगत गेल्या, मी ऐकत गेले. मामांनी मोटारसायकल चालवणं सोडलंय. हायवे ओलांडायला कुणाची तरी वाट बघत उभे राहतात. नातीला शाळेत सोडायची फार हौस, पण एकटे तिला रस्त्यावर नेत नाहीत — मागून गाडी आली नि हॉर्न ऐकू नाही आला तर? स्वतःहून कानाचं मशीन आणलं, पण ते लावलं की भांड्यांचा आवाजसुद्धा डोक्यात जातो, म्हणून डबीत पडून आहे. कमी ऐकणाऱ्या माणसाला भांड्यांचा आवाज डोक्यात का जाईल, हा प्रश्न त्या घरात कुणालाच पडला नव्हता. मला तिथेच पडला.

त्या दिवशी मी जेवले, अहेर दिला, घरी आले. रडले वगैरे नाही. रात्री झोपही लागली. सकाळी उठल्यावर मात्र ठरलेलं होतं, जणू कुणी दुसऱ्याने ठरवून ठेवलं असावं. मी दोन गोष्टी नक्की केल्या. कारण सांगायचं नाही. आणि माफी मागायची नाही — कारण माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि त्यांच्याकडून मी आधीच पुष्कळ घेतलं होतं.

गुरुवारी अकराच्या सुमारास त्यांच्या घरी गेले. मामा ओट्यावर बसून गोणीची फाटकी बाजू दाभणाने शिवत होते. मला पाहून उठले, खुर्ची दिली, आणि स्वतः अगदी माझ्यासमोर बसले. माझ्या ओठांकडे बघत. आठ वर्षांत त्यांना ती सवय लागली होती.

मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी हूटर वाजलाच नव्हता. चूक माझी होती. मला ती त्याच सकाळी कळली होती, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी जाणूनबुजून खोटं सांगितलं."

ते म्हणाले, परत सांगा. मी परत सांगितलं, या वेळी सगळं — नक्कल, ग्राफ, पुसून टाकलं ते, डॉक्टरांकडे पाठवलं ते. मामी चहा घेऊन दारात आल्या होत्या. त्या तशाच उभ्या राहून ऐकत होत्या. मी बोलायची थांबल्यावर त्या कप घेऊन आत गेल्या.

मामांनी दाभण गोणीत टोचून ठेवला. विचारलं, "मंग माझे कान?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढंच, मी म्हटलं. किंचित.

त्यांनी मान हलवली. माझ्यावर ओरडतील अशी मी तयारी करून गेले होते, ती वाया गेली. ते एवढंच म्हणाले, "हे मला सांगून काय उपेग? तिथं सांगा. समद्यांम्होरं."

सोमवारी सकाळी दहा वाजता मी मालकांना सगळ्यांना आवारात बोलवायला सांगितलं. सीझन होता, टेबलं भरलेली होती. आठ वर्षांपूर्वीच्यांपैकी आता दहाएक जण उरले असतील — दोन हमाल, काही बायका, मालक, त्यांचे भाऊ. बाकीच्यांना कशाबद्दल चाललंय तेही ठाऊक नव्हतं, म्हणून मी पहिल्यापासून सांगितलं. मधे थांबले नाही. भावांनी विचारलं, आज का सांगताय? मी उत्तर दिलं नाही. मालकांनी एकच विचारलं — तो कागद माझ्या हातात दिलात, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं? मी हो म्हटलं. त्यांनी हात पुढे केला. सर्व्हरच्या पासवर्डची वही माझ्या पिशवीतच होती, ती मी त्यांच्या हातात ठेवली. सगळं लिहून सही केलेलं पत्रही दिलं, आणि त्याचीच दुसरी प्रत मामांसाठी आणली होती.

मामा आले होते. मुलाबरोबर, फाटकाच्या आत, भिंतीला टेकून उभे होते. सगळं झाल्यावर एक म्हातारी बाई टेबल सोडून त्यांच्याकडे गेली आणि काहीतरी बोलली. मग दोघं हमाल गेले. मी पत्र घेऊन तिथे पोचेपर्यंत चारपाच माणसं त्यांच्याभोवती होती. मामांनी पत्र घेतलं, घडी न उघडता खिशात ठेवलं.

"खरं सांगितलं, बरं झालं," ते म्हणाले. शांतपणे म्हणाले. "आता परत माझ्या दारी येऊ नका."

मी बरं म्हटलं.

मालकांनी त्यांना कामावर परत बोलावलं का, ते गेले का, मला माहीत नाही. ते विचारायचा हक्क माझा नाही. त्यांच्या दारी मी पुन्हा गेलेले नाही, जाणारही नाही.